सिसेरो आणि हरभरा

प्रश्न असा: सिसेरो या रोमन वक्त्याच्या आडनावाचा अर्थ खरंच ‘हरभरा’ आहे का? आणि लॅटिन पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘एम. तुल्ली किकेरोनिस’ छापलेलं असतं, तो कुणी दुसरा का?

हरभराच. लॅटिनमध्ये हरभऱ्याला ‘किकेर’ म्हणत, आणि त्या काळचा उच्चार ‘किकेरो’. ‘सिसेरो’ आपल्याकडे इंग्रजीतून आलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सिसेरोच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. रोमन लेखक प्लिनीच्या मते घराण्यात कुणीतरी हरभरा उत्तम पिकवायचा. मला नाकाची बाजू पटते, कारण हाच ‘-ओ’ प्रत्यय ‘नासो’त (नाकाड्या) आणि ‘कापितो’त (डोकं मोठं असलेला) दिसतो. हसायचं कारण नाही, आपल्याकडे पडवळ आणि भोपळे आहेतच. मित्रांनी नाव बदल म्हटलं तर गड्याने ऐकलं नाही. सिसिलीत अधिकारी असताना देवाला चांदीचं भांडं वाहिलं, त्यावर ‘मार्कुस तुल्लिउस’ कोरलं आणि पुढे चक्क हरभऱ्याचा दाणा! (तसाही हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्याला दुसऱ्या कुणाची गरज नसे.)

आता ‘किकेरोनिस’. माणूस तोच, विभक्ती षष्ठी: किकेरोचं. हा ‘न’ कुठून आला हे संस्कृत शिकलेल्याला लगेच कळेल. ‘आत्मन्’ची प्रथमा ‘आत्मा’, षष्ठी ‘आत्मनः’. तसंच मूळ ‘किकेरोन्’, प्रथमेत शेवटचा न् गळतो आणि इतर विभक्त्यांत परत येतो: द्वितीया किकेरोनेम, चतुर्थी किकेरोनी. इटालियनमधलं ‘चिचेरोने’ त्या द्वितीयेवरून आलं. पुढे त्याचा अर्थ प्रवाशांना स्थळं दाखवणारा, बोलघेवडा वाटाड्या असा झाला.

‘तुल्लिउस’ हे मात्र कुळाचं नाव, आणि ते वेगळं चालतं. षष्ठी ‘तुल्ली’, संबोधनही ‘तुल्ली’. इ.स.पू. ६३ मध्ये सत्ता उलथवायचा कट रचणाऱ्या कातिलिनाविरुद्धच्या पहिल्या भाषणात सिसेरो कल्पना करतो, की मायभूमीच आपल्याला विचारते आहे: ‘मार्के तुल्ली, क्विद आगिस?’ म्हणजे, अरे, हे काय चालवलंयस? ‘किकेरो’ संबोधनात बदलत नाही. त्याच्या मुलीला मिळालं ते कुळाचंच नाव, स्त्रीलिंगी करून: तुल्लिया.

आपणही ‘गोखले’चं ‘गोखल्यांना’ करतोच. हल्ली सर्रास ‘गोखलेंना’ लिहितात, ते माझ्या कानाला अजून खटकतं.