रोबोटिक्सचं किट कपाटात, सर म्हणतात तंबोरे बघायला जाऊ

प्रश्न : मी मिरज तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत जूनपासून मुख्याध्यापिका आहे, पाचवी ते आठवीचे वर्ग. देणगीतून रोबोटिक्सचं किट घेतलं, ते कपाटातच पडलंय. विज्ञानाचे सर म्हणतात मुलांना मिरजेत सतारी-तंबोरे बनवतात तिथं नेऊया, बाकीचे म्हणतात मग पोर्शन कोण संपवणार, आणि दोन पालक येऊन सांगून गेले की आधी स्कॉलरशिपचं बघा. मुलांनी स्वतःचं डोकं चालवावं असं मनापासून वाटतं, पण मुख्याध्यापक म्हणून मी नक्की काय करू?

उत्तर : मॅडम, सरांना जाऊ द्या, याच महिन्यात. किटचं नंतर बघू. तुमच्या शाळेत एक माणूस आपणहून काहीतरी करायचं म्हणतोय, ही किटपेक्षा मोठी गोष्ट आहे.

माझाच अनुभव सांगते. सातारा जिल्ह्यात मी हायस्कूलला मुख्याध्यापिका होते तेव्हा एका सरांनी सातवीच्या पोरांकडून परसबागेत सलाईनच्या नळ्या लावून ठिबक करून घेतलं, आणि नेमकं साहेब तपासणीला आले त्या दिवशी बादली कलंडली, वऱ्हांडाभर चिखल. मी सगळ्यांसमोर म्हणलं, हे उद्योग तुम्हाला सांगितले कुणी? सर काही बोलले नाहीत. खरं तर पोरांनी दोन दिवसांत शोधून काढलं होतं की बादली उंच टांगली की थेंब जोरात पडतात, म्हणून तर ती खिडकीच्या वर बांधली होती, पण मी विचारलंच नाही. पुढच्या वर्षी त्या सरांनी फक्त पुस्तक शिकवलं. ते मला अजून लागतं.

म्हणून तुमचं पहिलं काम हे की काही फसलं तर ते तुमच्या नावावर घ्या. टूरला निघायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, पालकांची संमतीपत्रं घ्या, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सर एकटे पडणार नाहीत. आधारही पक्का आहे, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवलेत, ते सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा लोकांकडं जाऊन शिकायलाच. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येही कृतीतून, शोधातून शिकणं लिहिलंय. साहेबांना हेच दाखवा.

आता पोर्शनचं. आठवीला ध्वनीचा धडा आहेच ना? तो वर्गात दोनदा वाचून जे होत नाही ते तिथं होतं. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडनं येतो, वाळवून आतनं कोरून घेतात, मग त्यावर लाकडाची दांडी बसते, आणि शेवटी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवत कारागीर कान लावून बसतो. दोरा जरा इकडं, आवाज बसका. जरा तिकडं, आणि एकदम सूर खुलतो. पोरांना तो दोरा सरकवू द्या. भोपळा पोकळ का, हे तुम्ही सांगू नका, सरांनाही सांगू देऊ नका, शाळेत आल्यावर डब्याला तार ताणून त्यांनाच शोधू द्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या वस्तूची ओळख जपणारी सरकारी नोंद, मिळाला, इतकी मोठी गोष्ट शाळेपासून एका बसच्या अंतरावर असून आपली पोरं ती न बघता आठवी पास होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वेळापत्रकात आठवड्यातनं एकदा जोडतास करून द्या, हे फक्त तुम्हीच करू शकता. 35 मिनिटांत पोरं सामान मांडतात आणि घंटा होते. शिक्षकांच्या टाचण वहीवर, म्हणजे पाठाची तयारी लिहितात त्या वहीवर, सही करताना 'पोरांनी काय विचारलं' एवढं एक विचारत जा, शिक्षकांना कळतं की मॅडमना कशाची किंमत आहे.

पालकांना शाळेत बोलवा आणि पोरांनाच बोलू द्या. आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना माहीत नाही असं घर कमी, हातानं काम करून शिकणं म्हणजे वेळ वाया घालवणं असं इथं कुणी सहसा म्हणणार नाही. स्कॉलरशिपचे तास मात्र काढू नका, पालकांची काळजी खोटी नाही.

इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान योजनेला शाळेकडनं पोरांच्या कल्पना पाठवता येतात, निवड झाली तर विद्यार्थ्याच्या खात्यात 10 हजार रुपये येतात. फक्त कल्पना पोराची हवी. प्रदर्शनात वडलांनी रात्र जागून केलेलं थर्माकोलचं मॉडेल आणि त्यापुढं पाठ केलेलं भाषण म्हणणारं पोर बघून मला गलबलून यायचं.

आणि किट? ते कपाटातनं काढून आठवीच्या वर्गात ठेवा, कुलूप न लावता. एखादी मोटर जळली तर जळू द्या.