'स्ट्र' आणि 'रेप्र' यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: प्रोग्रॅमिंगवर मराठीत लिहिताना ऑब्जेक्टच्या (प्रोग्रॅममध्ये साठवलेल्या माहितीच्या एककाच्या) 'स्ट्रिंग रिप्रेझेंटेशन'ला, म्हणजे ते मजकूर म्हणून जसे छापले जाते त्याला, 'शब्दरूप' म्हटले तर चालेल का? आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत असा मजकूर देणाऱ्या स्ट्र (str) व रेप्र (repr) या दोन्हींना तोच शब्द पुरेल का?

'शब्दरूप' टाळावे. व्याकरणाने तो शब्द आधीच अडवून ठेवला आहे; 'घराला', 'घरातून' ही 'घर'ची शब्दरूपे. काही जण 'प्रतिनिधित्व' लिहितात, पण ते आमदार-खासदारांकडेच राहू द्यावे. 'मजकूररूप' बरे. अर्थ लगेच कळतो, शिवाय आकडे, कंस, चिन्हे असे सगळेच त्यात बसते.

एकच शब्द मात्र पुरणार नाही. १ मे १९६० ही तारीख पायथॉनमध्ये डेट ऑब्जेक्ट म्हणून ठेवली, तर स्ट्र '१९६०-०५-०१' देते आणि रेप्र 'डेटटाइम.डेट(१९६०, ५, १)'. पहिले वापरणाऱ्याने वाचावे म्हणून. दुसरे प्रोग्रॅमरसाठी, डेटटाइम मॉड्यूल इम्पोर्ट केलेले असेल, तर ती ओळ उचलून कोडमध्ये टाकली की तीच तारीख पुन्हा तयार होते. (प्रत्येक ऑब्जेक्टच्या बाबतीत हे जमत नाही.) पहिल्याला मी 'दर्शनी रूप' म्हणेन, दुसऱ्याला 'तपासरूप'. रूबी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत तर दुसऱ्याचे नावच इन्स्पेक्ट आहे.

हा फरक पायथॉन २ मध्ये देवनागरी वापरणाऱ्यांना चांगलाच छळायचा. यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची एक पद्धत) मधले 'पुणे' प्रिंट केले की पुणे दिसे. तेच लिस्टमध्ये घालून लिस्ट प्रिंट केली की बारा बाइटांचे षोडशमान (सोळा अंकांच्या पद्धतीतले) आकडे. कारण लिस्ट छापताना आतल्या घटकांचे तपासरूप घेतले जाते, आणि तेव्हा त्यात आस्कीबाहेरचे (मूळ इंग्रजी अक्षरे-चिन्हांच्या संचाबाहेरचे) काही जसेच्या तसे येत नसे. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून अक्षरे नीट दिसतात. अवतरणचिन्हे मात्र राहिली, आणि ती हवीतच: छापलेले १२ ही संख्या आहे की मजकूर, हे त्यांच्यावरूनच कळते.

जावा या भाषेत एकच टूस्ट्रिंग असल्याने तिथे नुसत्या 'मजकूररूपा'वर भागते. साध्या क्लासमध्ये ही मेथड आपण लिहिली नाही, तर क्लासचे नाव, ॲटचे चिन्ह आणि षोडशमानात हॅशकोड (ऑब्जेक्टसाठी काढलेला एक आकडा) एवढेच छापले जाते. त्या आकड्याला पुष्कळ जण 'मेमरीतला पत्ता' म्हणतात. तो पत्ता असेलच याची जावा हमी देत नाही, तेव्हा मराठीतही सरळ 'हॅशकोड'च लिहावे.