निसर्ग उद्यानात पहिल्यांदा जाताना

धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान जेमतेम 37 एकरांचे आहे, त्यामुळे तासाभरात सगळे पाहून होईल असा समज करून जाऊ नका. कधीकाळी येथे शहराचा कचरा टाकला जात असे आणि आजची दाट झाडी त्याच कचऱ्यावर माती टाकून उभी केलेली आहे, हे लक्षात ठेवून चाललात तर प्रत्येक झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहाल.

माझा आग्रह असा, की सकाळी प्रथम तळ्यापाशी जाऊन निदान अर्धा तास एकाच जागी, न बोलता बसावे. काठावर मातकट रंगाचा वंचक, म्हणजे एक लहान बगळा, इतका निश्चल उभा असतो की तो दगडच वाटतो. मात्र उडताक्षणी त्याचे पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि इतका वेळ आपण काय पाहत होतो ते उमगते. शेजारच्या काडीवर बसलेला चतुर हा कीटक उडून गेला तरी जागा सोडू नका, कारण बहुधा तो त्याच काडीवर परत येतो.

फुलपाखरे ऊन तापू लागल्यावरच बाहेर पडतात. हळदीकुंकू हे फुलपाखरू पंख मिटून बसले की खालच्या बाजूचा पिवळा रंग आणि कडेचे लाल ठिपके नीट दिसतात, म्हणून ते बसेपर्यंत धीर धरा.

कपडे फिकट हिरवे किंवा खाकी असावेत. पावसाळ्यात डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा घालाच, आणि तळ्यातल्या माशांना पाव किंवा कुरमुरे कधीही टाकू नका. त्याने पाणी नासते.