वाचकांचे प्रश्न : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधलं जादा वर्ष

प्रश्न : अमेरिकी कॉलेजच्या सामन्यांत पाचव्या, सहाव्या वर्षाचे खेळाडू दिसायचे. पदवी चार वर्षांची, मग हे कसं? कोविडमुळे सगळ्यांनाच एक वर्ष वाढवून मिळालं का? (नागपाडा)

एनसीएए ही तिथली कॉलेज-खेळांची मुख्य संस्था. तिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात दोन हिशेब वेगवेगळे चालतात. खेळायला मिळतात चार हंगाम आणि ते संपवायला मुदत पाच वर्षांची. ही मुदत लोकलच्या पासासारखी असते, तुम्ही घरी बसलात तरी तारीख सरतच राहते. नोकरी केली, शिक्षण मध्येच थांबवलं, तरी थांबत नाही. सैन्यसेवा, गरोदरपण, धर्मकार्यासाठीचा प्रवास असे मोजके अपवाद आहेत.

मार्च 2020 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली, पण बास्केटबॉलचा हंगाम तोवर जवळजवळ उरकला होता. म्हणून 30 मार्चला जादा वर्ष मिळालं ते बेसबॉल, अॅथलेटिक्ससारख्या वसंत ऋतूतल्या खेळांना. बास्केटबॉलचा निर्णय झाला 14 ऑक्टोबर 2020 ला : 2020-21 चा हंगाम कोणाच्याच खात्यात धरायचा नाही, ना चार हंगामांत, ना पाच वर्षांत. तीस सामने खेळा नाहीतर एकही खेळू नका, सवलत तीच. तेव्हा ‘सगळ्यांना’ नव्हे, त्या वर्षी जे संघात होते त्यांना.

सहावं वर्ष मात्र निव्वळ कोविडमुळे दिसत नाही, त्यात अनेकदा दुखापतीची सवलत मिसळलेली असते. आयोवा विद्यापीठाचा जॉर्डन बोहॅनन 2016-17 ते 2021-22 असे सहा हंगाम कोर्टवर दिसला. त्यातल्या 2019-20 मध्ये तो 10 सामन्यांनंतर खुब्याच्या दुखापतीने बाहेर पडला आणि तो हंगाम वैद्यकीय कारणाने परत मिळाला. पुढचा कोविडमुळे धरला गेला नाही. वैद्यकीय सवलतीची अट कडक आहे : दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यातच झालेली हवी आणि खेळलेले सामने एकूण सामन्यांच्या 30 टक्क्यांच्या आत हवेत. पुढच्या अर्ध्यात गुडघा गेला तर कितीही वाईट वाटलं तरी हंगाम गेला.

प्रश्न : जादा वर्षामुळे जुने विक्रम मोडले का? (दादर)

पुरुषांमध्ये सर्वाधिक गुणांचा विक्रम थोडक्यात वाचला. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटोइन डेव्हिस पाच हंगामांत 3,664 गुणांपर्यंत पोचला. पीट मॅराविचचे 3,667. मॅराविचने ते 1970 पर्यंत तीनच हंगामांत केले, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत आणि तीन गुणांची रेषाही नव्हती. डेव्हिसने विक्रम मोडला असता तरी शेजारी तारांकित टीप लागलीच असती, असं आमचं मत. महिलांमध्ये आयोवाच्याच केटलिन क्लार्कचं उलट : जादा वर्ष हातात असताना ती 2024 मध्ये चार हंगामांवर थांबली, तेही 3,951 गुणांवर.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिला या सवलतीचा काही उपयोग? (माटुंगा)

नाही. 2020-21 मध्ये जे पहिल्या वर्षाला होते, त्यांचा पाचवा हंगाम 2024-25 ला झाला. 2021 च्या शरदात दाखल झालेल्यांनाही काही मिळालेलं नाही. मधल्या काळात शाळेतून थेट येणाऱ्यांची मात्र कोंडी झाली. पुरुष संघाला 13, महिला संघाला 15 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. 2021-22 मध्ये जादा वर्षासाठी संघात राहिलेल्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना त्या मर्यादेतून वगळलं, नंतर नाही. शिवाय 2021 पासून एकदा, आणि 2024 पासून कितीही वेळा, हंगाम वाया न घालवता कॉलेज बदलता येऊ लागलं. बावीस-तेवीस वर्षांची तयार खेळाडू हाताशी असताना प्रशिक्षक अठराच्या मुलीवर जागा का घालवेल? ती जुनी तुकडी आता बाहेर पडली आहे, कॉलेज बदलण्याची मोकळीक मात्र कायम आहे.

प्रश्न : मुलाने एचएससीनंतर ‘सेफ्टी’ म्हणून एफवायबीकॉमला प्रवेश घेतला आहे, आंतरमहाविद्यालयीन सामनेही खेळतो. पुढच्या वर्षी अमेरिकेत अर्ज करायचा आहे. काही अडचण? (बोरिवली)

आहे, आणि मुंबईतली बरीच मुलं नेमकी इथे अडकतात. पाच वर्षांची मुदत अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून नव्हे, जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ दाखल होऊन वर्ग सुरू झाला की चालू होते. एफवायच्या पहिल्या दिवशीच तुमच्या मुलाची मुदत सुरू झाली. कॉलेजच्या जर्सीत तो सामन्यात दोन मिनिटं उतरला असेल तरी चारपैकी एक हंगाम खर्ची पडू शकतो. शिवाय तो तिथे नवा विद्यार्थी न राहता बदली विद्यार्थी ठरतो. अकरावी-बारावीने मात्र मुदत सुरू होत नाही. आपलं ज्युनियर कॉलेज त्यांच्या लेखी माध्यमिक शाळाच. अर्जात ते चुकून ‘कॉलेज’च्या रकान्यात भरलं की दोन वर्षं नाहक वजा झाल्यासारखी दिसतात आणि खुलासे करत बसावं लागतं.

मग घरी बसावं का? बास्केटबॉलमध्ये शालेय शिक्षण संपल्यावर एक वर्षाची मुभा असते. त्यानंतरही क्लबकडून स्पर्धा खेळत राहिलं, तर दर वर्षामागे एक हंगाम कापला जातो आणि तिथे गेल्यावर एक शैक्षणिक वर्ष बाहेर बसावं लागतं. म्हणजे बारावीनंतर एक वर्ष क्लबकडून खेळून अर्ज करणं चालतं, दोन वर्षं महागात पडतात. शालेय शिक्षण कधी संपायला हवं होतं, हे नववीपासून चार वर्षं मोजून ठरवतात. बारावी पुन्हा दिली म्हणून तारीख पुढे सरकत नाही.

एसवाय संपवून जाण्याचा विचार असेल तर तो आताच तपासा. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण झालेला लागतो. बीकॉमचे विषय तिथल्या पदवीत धरले गेले नाहीत, तर खेळात पात्र असूनही मुलगा अभ्यासात अपात्र ठरतो.

कागदपत्रांत नववीपासूनची गुणपत्रकं लागतात. नववीचं प्रगतिपुस्तक हमखास हरवलेलं असतं, ते शाळेतून लवकर काढून घ्या. मराठी असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. सोळा मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (सरासरी गुणांक) ही डिव्हिजन वनची अट, एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती 2023 पासून गेली. नियम सतत बदलताहेत, कोर्टकज्जेही चालू आहेत. म्हणून एजंटच्या तोंडी आश्वासनावर न जाता ज्या कॉलेजात अर्ज करायचा तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम पाहणाऱ्या कार्यालयाला, ईमेल करा. एफवायच्या वर्गांची पहिली तारीख, पूर्णवेळ प्रवेश होता की नाही, आणि कॉलेजकडून खेळलेल्या प्रत्येक सामन्याची तारीख, एवढं त्यात लिहा आणि किती हंगाम, किती मुदत उरली ते लेखी मागवा.