क्रिएटिनिन नॉर्मल असूनही आयसीयूत दर तासाला लघवी का मोजतात?

तुमच्या वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.१ आलंय, म्हणजे नॉर्मल, तरी लघवी मोजतायत ते बरोबरच आहे. किडनीला मार बसला तरी रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस जातात. लघवी बरेचदा त्याआधीच कमी होते. इथे कोल्हापुरात आयसीयूत नाईट ड्युटीला आले की मी आधी कॅथेटरच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या, युरोमीटरवरच्या (लघवी मोजायच्या डब्यावरच्या) रेघा बघते. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीहून कमी, तेही सलग ६ तास, म्हणजे किडनीला इजा धरायची. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं तरी तेच, मग आकडा नॉर्मलमध्ये का असेना! म्हणून क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट घरात असेल तर तुलनेसाठी आजच आणून द्या. आणि सांधेदुखीवर कुठली गोळी चालू होती, तेही डॉक्टरांना नक्की सांगा, कारण दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी किडनीला त्रास होतो.