विळे किती, टोपली किती?

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातली. बँकेच्या परीक्षेची तयारी करते. डेटा सफिशियन्सीचं, म्हणजे उत्तर काढायला कोणतं विधान पुरेसं आहे ते ओळखायचं, एक गणित अडलंय. शेतकऱ्यानं सोंगणीसाठी 70 रुपयांचे काही विळे आणि 110 रुपयांची काही टोपली घेतली. दोन्ही वस्तू घेतल्या. विळे किती? विधान 1 : एकूण 570 रुपये लागले. विधान 2 : एकूण नग 7. दोन अज्ञातांना दोन समीकरणं लागतात, म्हणून मी ‘दोन्ही विधानं मिळून’ लिहिलं. उत्तरसूचीत ‘फक्त पहिलं पुरेसं’ आहे. छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, पोरी. तुझा नियम विळे साडेतीनही असू शकतात असं धरून चालतो. बाजारात अर्धा विळा कोण देतो?

दुसरं विधान हातानं झाक आणि टोपली एकेक वाढवत जा. एक घेतलं तर 460 उरतात, त्यात 70 चे विळे पुरते बसत नाहीत. दोन घेतली तर 350, म्हणजे बरोबर 5 विळे. पुढं 240, 130, 20 उरतात. एकालाही 70 नं भाग जात नाही. झालं उत्तर.

पण असं का होतं, तेही बघ. माझ्याकडं संध्याकाळी पोरं येतात, त्यांना मी ओसरीवर तुरीचे दाणे मांडायला लावते : इकडं 11 विळे, तिकडं 7 टोपली. दोन्हीकडं 770 रुपये. म्हणजे 11 विळे परत करून 7 टोपली आणली तरी बिल तेवढंच. 7 आणि 11 ला 1 सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळं याहून लहान अदलाबदल जमतच नाही. 570 मध्ये ती मावत नाही. बिल 1340 असतं तर मावली असती : 16 विळे-2 टोपली, नाहीतर 5 विळे-9 टोपली. तिथं नग किती ते विचारावंच लागलं असतं.

डाळ-तांदळाला मात्र हे लावू नकोस, डाळ पाव किलोही मिळते. आणि भाव विचारला असेल तर दोन विधानं खरंच वेगळी आहेत का ते आधी बघ. ‘2 किलो डाळ, 3 किलो तांदूळ 400 रुपये’ आणि ‘4 किलो डाळ, 6 किलो तांदूळ 800 रुपये’ हे एकच बोलणं दोनदा झालं. माझी हुशार पोरंही इथं घाईनं ‘दोन्ही मिळून’वर खूण करतात, फार वाईट वाटतं.

आता बिल 990 धरून सोडव. 11 विळे, 2 टोपली निघतील. अदलाबदल केलीस तर 9 टोपली, विळा एकही नाही. ‘दोन्ही वस्तू घेतल्या’ हे वाक्य तिथं कामी येतं.