तिसऱ्यांदा नीट कोणासाठी?

प्रश्न : आम्ही रोहा तालुक्यातले. मुलीला बारावी सायन्सला ६८ टक्के. नीट दोनदा दिली, जमली नाही. तिसऱ्यांदा द्यायला लावतोय, क्लास बघून ठेवलाय. पण ती म्हणते, कृषी पदवी घेऊन कडधान्य-सोयाबीनच्या शेतकऱ्यांना सल्ला देणार. भावाची मुलगी बीएएमएस करतेय, आमची शेतात जाणार! अभ्यास सोडून वालाची झाडं उपटते, मुळांवरच्या गाठी नखाने फोडत बसते. तिला समजवा.
– एक पालक

उत्तर : मला तिच्या ६८ टक्क्यांची काळजी नाही, तुमच्या घरातल्या वातावरणाची आहे. पुतणीशी बरोबरी व्हावी म्हणून मुलीचं आणखी एक वर्ष घालवू नका, हे स्पष्टच सांगते. ते वर्ष ती काढणार कशी? तीच पुस्तकं, जेवताना तोच विषय, नातेवाइकांचा फोन आला की "यंदा नक्की ना?" अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मार्कांच्या आधी त्यांची झोप गेलेली असते. डॉक्टर व्हायचंय का, हे तिला एकदा तरी विचारलंत का? पत्रात तिचं उत्तर कुठेच दिसलं नाही.

आणि तुम्ही जिची तक्रार केलीत, तीच गोष्ट मला सगळ्यात आवडली. गाठ आतून गुलाबी-लालसर निघाली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देताहेत. पांढरी असली तर कोवळी किंवा निकामी, हिरवट असली तर तिचं काम संपलं. बांधावर उभा राहिलेला कृषी सल्लागार हेच बघतो. मग विचारतो, बियाण्याला रायझोबियम, म्हणजे हेच जिवाणू, चोळलं होतं का, कोणत्या पिकाचं? सोयाबीनचं पाकीट वालाला लावून उपयोग नाही. तुमची मुलगी न शिकवता तिथवर पोचली आहे.

सल्ला देणं म्हणजे खत-औषधं खपवणं, असं पुष्कळ पालकांना वाटतं. काही नोकऱ्यांत विक्रीचं टार्गेट असतं, हे खरं. मुलाखतीत तिने सरळ विचारून घ्यावं. पण सोयाबीनचंच बघा. बी नाजूक, मळणी जोरात झाली तरी साल तडकून उगवण घटते. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं की बियाणंच बदलायचं, ते सांगायचं. यात काहीच विकलं जात नाही, शेतकऱ्याची दुबार पेरणी मात्र वाचते.

मुलीलाही सांगायचंय. आपल्याकडे भात निघाल्यावर अंगओलाव्यावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल, पावटा, चवळी होते. सोयाबीनला कोकणातला पाऊस आणि साचलेलं पाणी मानवत नाही. त्यात काम करायचं तर लातूर, वाशीमकडे राहायची तयारी हवी. कोकणातच राहायचं तर नुसत्या वालावर नोकरी मिळणं कठीण. भात, आंबा, काजूही नीट शिक.

कृषी पदवीचा प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होतो. पदवी चार वर्षांची, दापोलीचं कृषी विद्यापीठ आपल्या कोकणातच आहे.

रोह्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. वालाच्या हंगामात तिला घेऊन तुम्ही स्वतः जा. मुळासकट झाड बरोबर न्या आणि तज्ज्ञांशी तिला बोलू द्या. क्लासची फी अजून भरली नसेल तर भरू नका.